चौदा दिवस ती कामावर होती

ही गोष्ट खरी आहे. कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्या हातून घडली आहे.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं. मंगळवार, १२ फेब्रुवारी २०१९. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. किर्गिझस्तानातल्या नारिन शहराच्या कडेला, नदीजवळचा लोकरीचा कारखाना. बाहेर इतकं लख्ख ऊन होतं की बर्फाकडे बघवत नव्हतं.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. भीतीने नव्हे. त्या नावावर शाई घालवायची नाही मला.

मी झूरा. धाकटे मला एजे म्हणायचे, म्हणजे ताई. तिथे अकरा वर्षं कारकून होते. माणूस कामाला लागला की त्याचे कागद मी करायचे. सोडून गेला की मीच मिटवायचे. जाणाऱ्यांची एक वेगळी वही होती. नाव, काम, तारीख, आणि शेवटचा रकाना...

कारण.

लोक नोकरी का सोडतात यावर शिकलेली माणसं बरंच काही लिहितात. पगार कमी, साहेब वाईट, बढती नाही. मी अकरा वर्षं ती कारणं लिहिली. सगळी खोटी. कौटुंबिक अडचण. कौटुंबिक अडचण. कौटुंबिक अडचण. वही वाचून कुणालाही वाटेल, नारिनमध्ये एक घर धड नाही.

भूत नंतर येतं. आधी कागद.

आमच्याकडे कामाला लागायच्या दिवशीच राजीनामा लिहून घ्यायचे. स्वतःच्या हस्ताक्षरात. तारखेची जागा कोरी. तो कागद माझ्या लोखंडी कपाटात जायचा. मग कुणी आजारी पडलं, कुणाला दिवस गेले, कुणी उलट बोललं, की आमचा संचालक कुबानिच बैके (बैके म्हणजे दादा) म्हणायचा, "झूरा, तारीख टाक." झालं. माणूस स्वतःच्या इच्छेने गेला.

सोनुन कामाला आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती.

"एजे, आज तर आले. आजच राजीनामा कसा लिहू?"

"सगळेच लिहितात. लिही. मला माझ्या स्वतःच्या इच्छेने कामावरून मुक्त करावे. खाली सही. तारीख टाकू नको."

"तारीख कोण टाकणार?"

"कुबानिच बैके."

"म्हणजे इच्छा माझी आणि तारीख त्यांची?" ती हसली. "आमच्या गावात लग्नंसुद्धा अशीच होतात."

मीही हसले. हे लिहिताना लाज वाटते, पण हसले.

तिला पिंजणयंत्रावर दिलं. मोठे रूळ, रुळांवर तारेचे दात. धुतलेली लोकर एका बाजूने जाते, दुसऱ्या बाजूने मऊ होऊन निघते. रुळांपुढे लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. जानेवारीत कुबानिच बैकेने ती जाळी काढायला लावली. जाळीत लोकर अडकते, काम खोळंबतं म्हणे.

सोनुनची सोबतीण तुर्सुनाय त्याला तोंडावर म्हणाली होती, "बैके, तुमच्या घरातल्या विजेच्या बटणांवर झाकण आहे ना? तेही काढून टाका, पटकन दिवे लागतील."

तुर्सुनायच्या कागदावर तेव्हाच तारीख पडली असती. पण तिच्याएवढी लोकर कुणी पिंजत नव्हतं.

मंगळवारी तीन वीसला सोनुनच्या डोक्यावरचा रुमाल रुळात गेला.

याहून जास्त लिहिणार नाही. तिची आई अजून जिवंत आहे.

यंत्र बंद करायला कुणीतरी धावलं. मग सगळीच यंत्रं बंद झाली. अकरा वर्षांत मी त्या कारखान्यात तशी शांतता कधी ऐकली नव्हती.

चार वाजता कुबानिच बैके माझ्या खोलीत आला. दार लावलं.

"तिचा कागद काढ. कालची तारीख टाक."

"बैके, ती अजून खाली आहे. उचललीसुद्धा नाही."

"म्हणूनच म्हणतो, लवकर टाक. काल राजीनामा दिला, आज सामान न्यायला आली होती. तिचं ती यंत्राजवळ गेली. कळलं?"

मी कपाटाकडे हात नेला नाही.

"तुझाही कागद त्याच कपाटात आहे, झूरा."

माझी दोन मुलं तेव्हा शाळेत होती. नवरा रशियात कामाला. ही सबब नाही. सबबच आहे.

मी लिहिलं. ११ फेब्रुवारी २०१९. माझ्या पेनाने. माझ्या हाताने. कुबानिच बैकेने कागदाला बोटसुद्धा लावलं नाही. खिशात हात घालून उभा होता.

त्याच संध्याकाळी त्याने जाळी परत लावून घेतली. चार नवे स्क्रू. लांबूनही चमकत होते.

बुधवारी सकाळी...

आमच्या दारापाशी एक फळी होती. तिच्यावर पत्र्याचे बिल्ले, प्रत्येकाचा एक नंबर. आत येताना आपला बिल्ला काढायचा आणि कामाच्या खोलीतल्या फळीवर अडकवायचा. मग कळतं, कोण आलंय.

सोनुनचा नंबर त्रेसष्ट.

त्रेसष्ट आतल्या फळीवर होता.

पहारेकऱ्याला विचारलं. "मी हात लावलेला नाही," म्हणाला. कुणीच लावला नव्हता. कुबानिच बैकेने बिल्ला स्वतः काढला आणि आपल्या टेबलाच्या खणात कुलपात ठेवला.

गुरुवारी सकाळी...

त्रेसष्ट आतल्या फळीवर.

आणि जाळी भिंतीला टेकून उभी होती. जानेवारीपासून उभी असायची, अगदी तशीच. यंत्राशेजारी सोनुनची चहाची वाटी, आणि वाटीत चार स्क्रू.

यंत्र बंद होतं. त्याची वीज तोडलेली. खालच्या टोपलीत लोकर होती, पिंजलेली. तुर्सुनायने त्यात हात घातला आणि झटकन बाहेर काढला.

"एजे... गरम आहे."

मीही हात घातला. बाहेर उणे अठरा होतं. लोकर गरम होती. आत्ताच रुळातून निघाल्यासारखी.

कुबानिच बैके हसला. "भूत असेल तर चांगलंच आहे. चहाची सुट्टी तरी मागत नाही."

कुणीही हसलं नाही.

जाळी पुन्हा लावली. शुक्रवारी पुन्हा भिंतीला. शनिवारी पुन्हा. रोज बिल्ला. रोज गरम लोकर. आणि रोज दुपारी तीन वीसला चालू यंत्रांचा आवाज एकदम खाली जायचा... यंत्रं फिरत असायची, आवाज मात्र नसायचा. जेमतेम तेवढा वेळ, जेवढ्यात माणूस एकदा ओरडू शकतो.

मग परत घरघर सुरू.

शुक्रवारी सोनुनची आई आली होती. बातमा आपा. आदल्या दिवशी मुलीला पुरून आली होती. माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर सकाळपासून बसून होती. कुबानिच बैके दोनदा तिच्यासमोरून गेला. दोनदाही फोन कानाला लावून.

शेवटी मी तिला आत घेतलं. चहा दिला. तिने वाटीला हात लावला नाही.

"पोरी, मला काही नको. एक ओळ लिहून दे."

"कसली ओळ, आपा?"

"की ती कामावर होती. गावात म्हणतात, तिला काढून टाकलं होतं, मग ती तिथे करत काय होती? म्हणतात, लोकर चोरायला गेली असेल. जनाज्याला लोक आले ते खाली बघत आले गं. माझी सोनुन पहाटे पाचला उठून कामाला गेली होती. मी तिला चहा करून दिला होता. एवढंच लिही. मंगळवारी ती कामावर होती."

"कागदावर वेगळं आहे, आपा."

"कागदावर कुणी लिहिलं?"

मी म्हणाले, "तिनेच."

बातमा आपा माझ्याकडे बघत राहिली. मग उठली. "उद्या येते," म्हणाली. आणि खरंच आली. रोज आली. रोज त्याच बाकावर बसली.

आता त्या वहीतलं लिहिते. वही माझ्याकडेच आहे. निघताना उचलून आणली.

१५ फेब्रुवारी. रूळ पुसणारी. कारण: कौटुंबिक अडचण.
(मला म्हणाली होती, "एजे, मी रूळ पुसत होते. शेजारी कुणीतरी दुसरं फडकं फिरवत होतं.")

१६ फेब्रुवारी. टोपल्या उचलणारा. कारण: कौटुंबिक अडचण.
("टोपली उचलली की हलकी लागते. दुसरी बाजू कुणीतरी धरतं.")

१८ फेब्रुवारी. एकाच दिवशी चौघं. कारण: कौटुंबिक अडचण, वर तसंच, वर तसंच, वर तसंच.
(चौघंही एकच बोलली. तीन वीसला यंत्रांचा आवाज जातो तेव्हा पायऱ्यांवर पावलं वाजतात. खालून वर. तुमच्या खोलीकडे.)

मी त्यांना विचारलं नाही, माझ्या खोलीकडे का.

कुबानिच बैके वही घेऊन आरडाओरडा करत आला. "आठवड्यात सहा माणसं! का सोडतात? नीट विचार ना! कारण लिही!"

"खरं लिहू, बैके?"

"भूतबीत लिहिलंस तर बघ."

"मग जाळी लिहू?"

त्याने वही टेबलावर आपटली. त्याला भुताची भीती नव्हती. त्या एका शब्दाची होती.

गुरुवारी, २१ तारखेला तुर्सुनाय आली. कोऱ्या करकरीत कपड्यांत, पावडर लावलेली, लग्नाला निघाल्यासारखी.

"एजे, माझा कागद काढा. तारीख मीच टाकते. तेवढी तरी हौस करू द्या."

तिने तारीख टाकली. खाली दोन रेघा ओढल्या.

"कारण काय लिहू?"

"लिहा, मी लाज सोडली नाही म्हणून नोकरी सोडली." मग ती दारात थांबली. "एजे, कायद्यात राजीनामा दिल्यावर किती दिवस काम करावं लागतं?"

"चौदा."

"आणि सोनुनने राजीनामा कधी दिला? अकराला ना? सगळ्या कारखान्याला सांगून झालंय बैकेंचं." ती हसली, पण डोळे हसत नव्हते. "मग काय चुकलं तिचं? भरतेय बिचारी चौदा दिवस."

ती गेली. मी बोटांवर दिवस मोजले.

चौदा दिवस. अकरा वर्षांत कुणी ते दिवस मागितले नव्हते, कुणी दिलेही नव्हते. आमच्याकडे तारीख पडली की माणूस त्याच पावली बाहेर. इतकी सवय झाली होती की कायदा मलाही आठवला नाही, कुबानिच बैकेलाही नाही. कामावरून मोकळी केल्याचा वेगळा हुकूम काढावा लागतो, तोसुद्धा निघाला नव्हता.

अकराला राजीनामा. म्हणजे पंचवीस तारखेपर्यंत सोनुन कारखान्याचीच.

म्हणजे मंगळवारी, बाराला... ती कामावर होती. कागदावरसुद्धा.

मला वाटलं, हे फक्त आम्हा दोघींना कळलंय. पण शुक्रवारी दुपारी कुबानिच बैके आला. कुणीतरी वकील भेटला होता त्याला.

"सोमवारी अपघाताच्या तपासणीला बाई येतेय. तो कागद फाड. नवा लिही. जानेवारीच्या अठ्ठावीसची तारीख. म्हणजे चौदा दिवस अकरालाच संपतात."

"नवा? तिच्या अक्षरात?"

"तुझ्याकडे तिच्या अक्षराचा नमुना आहे. नसेल जमत तर सांग. तुझा कागद तयारच आहे."

तो गेला. तीन वाजले होते.

मी कोरा कागद घेतला. तिचा कागद बाजूला ठेवला. तिचं अक्षर शाळेतल्यासारखं गोल होतं. मी लिहिलं... मला माझ्या...

यंत्रांचा आवाज गेला.

पायऱ्यांवर पावलं. सावकाश. थकलेल्या माणसाची.

दार उघडलं नाही. पण ओल्या लोकरीचा, मेंढीच्या चरबीचा वास खोलीत भरला.

माझ्यासमोरच्या खुर्चीवर कुणी बसलं की ती करकरते...

करकरली. अगदी टोकावर बसल्यासारखी.

मी वर बघितलं नाही. कागदाकडे बघत होते. त्याच्यावर लोकरीचा एक पुंजका येऊन पडला. माझ्या बोटांना त्याची ऊब लागली.

इथे मी भीतीने थांबले असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण खरं सांगते. मला राग आला. तिचा नाही. माझ्याच हाताचा. एका मेलेल्या मुलीला हा हात दुसऱ्यांदा कामावरून काढत होता, आणि अक्षरसुद्धा छान काढत होता!

मी तो नवा कागद फाडला.

खुर्ची पुन्हा करकरली. वास गेला. खाली यंत्रं घरघरू लागली.

सोमवार, २५ फेब्रुवारी. तिचा चौदावा दिवस.

तपासणीची बाई बिश्केकहून आली. पन्नाशीची, जाड चष्मा, कुणाशी गप्पा नाहीत. तिने चहाबरोबरचे तळलेले बोर्सोकसुद्धा घेतले नाहीत. कुबानिच बैके तिला खाली घेऊन गेला, मी मागे. रविवारी त्याने जाळीचे स्क्रू झाळून टाकले होते.

जाळी भिंतीला टेकून उभी होती.

स्क्रू वाटीत. त्यांना झाळ कधी लागलीच नव्हती, असे.

बाईने वाटी उचलली. आत बघितलं. मग कुबानिच बैकेकडे. "जाळी नेहमी इथेच असते वाटतं?"

त्याच्या कपाळावर घाम आला. मला ते बघून आनंद झाला. लपवत नाही.

वर आल्यावर त्याने मला डोळ्यांनी खूण केली. "झूरा, राजीनामा दे. नवा... म्हणजे, तिचा."

मी जुना दिला.

बाईने वाचला. "अकरा तारीख. हुकूम कुठे आहे?"

"नाही," मी म्हणाले.

"मग चौदा दिवस धरावे लागतील. मृत्यूच्या वेळी ती तुमचीच कामगार होती." तिने अहवालात लिहिलं. तिच्या पेनाची करकर मला अजून ऐकू येते. मंगळवारी ती कामावर होती.

मग तिने कागद उजेडाकडे धरला. "मजकुराची शाई निळी आहे. तारखेची काळी. तारीख कोणी टाकली?"

कुबानिच बैके खिडकीबाहेर बघू लागला.

मी बोलायला हवं होतं. मी टाकली, यांनी सांगितलं म्हणून टाकली, ती खाली पडलेली असताना टाकली. एवढंच बोलायचं होतं. बोलले असते तर तोही तुरुंगात गेला असता आणि मीही.

"माहीत नाही," मी म्हणाले.

बाईने खांदे उडवले. तेही लिहून घेतलं.

कुबानिच बैकेला जाळीबद्दल दंड झाला. तो कारखान्याने भरला. ती बाई फाटकाबाहेर पडताच त्याने माझा कागद काढला आणि स्वतःच्या हाताने तारीख टाकली. मला चौदा दिवस दिले नाहीत. एका तासात बाहेर.

बातमा आपा फाटकापाशी उभी होती. अहवालाची प्रत मी तिला दिली. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. ती एक ओळ तिने तीनदा ऐकली.

मग तिने माझा उजवा हात धरला. दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला. "या हाताचं भलं होवो," म्हणाली.

मी हात काढून घेतला नाही. काही बोललेही नाही.

पुढचं कळलं ते एवढंच. २६ तारखेला जाळी जागेवर होती. बिल्ला खणात होता. यंत्रांचा आवाज दिवसभर तसाच राहिला. लोक म्हणाले, गेली ती. सुटली.

कुबानिच बैके आता दुसऱ्या शहरात मोठ्या कारखान्यात संचालक आहे. तब्येत छान. नातवंडं झाली. शांत झोपतो म्हणे. त्याच्या पायऱ्यांवर कुणाची पावलं वाजत नाहीत. मला भुतापेक्षा याचाच संताप येतो. मेलेली माणसंसुद्धा कारकुनालाच धरतात. ज्याने हुकूम दिला त्याच्या दारात जात नाहीत.

कारण...

मी आता बिश्केकमध्ये एका शाळेत नोकरी करते. दरवर्षी फेब्रुवारीत बातमा आपाचा फोन येतो. आवाज थकलाय, पण प्रेमाने बोलते.

"पोरी, सोनुन स्वप्नात आली होती. म्हणते, झूरा एजेला चहाला बोलव. तिच्याशी बोलायचं राहिलंय. ये ना गं एकदा."

मी दरवर्षी सांगते, "येते आपा, रस्ते मोकळे झाले की येते." दरवर्षी जात नाही.

यंदाही फोन आला. मी तेच म्हणाले. आपा "बरं बरं" म्हणत होती. वाट्या मांडल्याचा आवाज येत होता. एक. दोन. तीन.

बातमा आपा एकटी राहते.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात तिच्या मागून कुणीतरी विचारलं... तरुण आवाज, अगदी साधा, घरातल्यासारखा...

"आई, येतेय का ती?"

आणि आपा म्हणाली, "नाही गं. यंदा पण नाही."